ओठ तुमचे, दात तुमचे, नियम मात्र सरांचे

ट्रंपेट शिकायला कुठेही जा, पहिल्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं. "माउथपीस बरोब्बर मध्ये ठेवायचा. अर्धा वरच्या ओठावर, अर्धा खालच्या." फ्रेंच हॉर्नच्या क्लासला गेलात तर अर्ध्याऐवजी दोन तृतीयांश वर आणि एक तृतीयांश खाली. ट्रॉम्बोनवाला आणखी तिसरंच काहीतरी सांगेल. आकडे बदलतात, सूर तोच: ही एकच योग्य पद्धत, बाकी सगळ्या वाईट सवयी.

या विकांताचा लेख त्या सुराविरुद्ध आहे. डोकं तापलेलं आहे, तेव्हा सांभाळून घ्या :-)

माझं म्हणणं सरळ आहे. पितळी वाद्यं वाजवणाऱ्या सगळ्यांच्या ओठांची ठेवण एकसारखी नसते. तिचे निदान तीन ठळक प्रकार आहेत. आपण त्यातल्या कुठल्या प्रकारात बसतो हे आपले दात, जबडा आणि ओठ ठरवतात. ज्या शिक्षकाला हे माहीत नाही तो स्वतः उत्तम वाजवत असेल, पण शिकवताना तो विद्यार्थ्याला स्वतःच्या तोंडाचं माप देत असतो. आपल्या धंद्यात या प्रकाराला फार जुनं नाव आहे: "माझ्या मशीनवर तर चालतंय!"

आता थोडी पार्श्वभूमी. आपल्यापैकी बहुतेकांचा ब्रासशी संबंध लग्नाची वरात आणि जुनी हिंदी गाणी एवढाच. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ट्रंपेट वाजवणारा चिक चॉकलेट (खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ, मूळचा गोव्याचा) 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला जायचा. त्याचं नाव माहीत नसलं तरी त्याचा ट्रंपेट आपण लहानपणापासून ऐकलेला असतो. आणि ट्रंपेट सोडा, तुतारी, शिंग, शंख ही सगळी एकाच कुळातली मंडळी. बासरीत हवेचा झोत भोकाच्या कडेवर आपटून आवाज होतो, सनईत पत्ती थरथरते. ट्रंपेट-तुतारीत पत्ती नसते. तिथे ओठच पत्ती. पितळेची नळी तो आवाज वाढवते, सुधारते, कुठल्या सुरावर स्थिर व्हायचं ते ठरवायला मदत करते, पण थरथर ओठांचीच. ऑर्केस्ट्रा ज्या ४४० हर्ट्झच्या सुराला जुळवून घेतो तो सूर वाजवताना ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडमीट करतात. हे काही नवीन ज्ञान नाही. कॉर्नेटच्या माउथपीसमधल्या ओठांच्या कंपनांवर डॅनियल मार्टिन यांचा शोधनिबंध १९४२ सालचा आहे.

ओठ, गालाचे स्नायू, जबडा आणि दात मिळून तोंडाची जी ठेवण होते तिला म्हणतात एम्बुशर. शब्द फ्रेंच आहे आणि त्याला चांगला मराठी प्रतिशब्द मला सापडला नाही, म्हणून मी 'ओठांची ठेवण' म्हणतो.

आता गंमत बघा. ट्रंपेटच्या माउथपीसचा आतला व्यास असतो साधारण १६ ते १७ मिलिमीटर. हॉर्नचा १७-१८, ट्रॉम्बोनचा २५ च्या आसपास, ट्यूबाचा ३२ च्या. म्हणजे ट्रंपेटवाल्याचा सगळा खेळ आठ आण्याच्या नाण्यापेक्षाही लहान जागेत. त्या एवढ्याशा गोलात दोन ओठ बसवायचे. ते अगदी समसमान बसले तरच नवल! कुठला तरी एक ओठ जास्त आत येतो आणि दुसऱ्यावर किंचित चढतो. जो जास्त आत तो वरचढ, आणि हवेचा झोत त्याच्या उलट्या दिशेला वळतो. वरचा ओठ जास्त असेल तर झोत खाली जातो, त्याला म्हणायचं डाउनस्ट्रीम. खालचा ओठ जास्त असेल तर झोत वर, म्हणजे अपस्ट्रीम. गिटवाला अपस्ट्रीम नव्हे, बरं का.

यावरून तीन प्रकार पडतात.

पहिला, खूप वरचा. माउथपीस नाकाच्या बाजूला सरकलेला, आत वरच्या ओठाचंच राज्य, झोत खाली. असा माणूस वरच्या सुरांकडे जाताना ओठ आणि माउथपीस मिळून दातांवरून किंचित वर, नाकाकडे ढकलतो.

दुसरा, मध्यम वरचा. वरचाच ओठ जास्त, पण फरक थोडा, झोत खालीच. हा मात्र वरच्या सुरांकडे जाताना सगळं किंचित खाली, हनुवटीकडे ओढतो. 

तिसरा, खालचा. खालचा ओठ जास्त, झोत वर. हाही वर जाताना साधारणपणे खालीच ओढतो. ही मंडळी सगळ्यात कमी.

ही हालचाल अगदी बारीक असते. माउथपीसची कडा कातडीवरून घसरत नाही, कातडीसकट सरकते. नीट बघितल्याशिवाय कळतही नाही.

पहिला आणि दुसरा प्रकार परत एकदा वाचा. दोघांचा झोत खालीच. लांबून बघितलं तर दोघं सारखेच दिसतील. पण वर जाताना एक ढकलतो आणि दुसरा ओढतो. म्हणजे "वरचा सूर काढताना जरा खाली ओढ" हा सल्ला एकाला वरदान आणि दुसऱ्याच्या गळ्याला फास. सल्ला देणारा तोच, शब्द तेच, मेहनतही तेवढीच. फरक तोंडाचा. मग फास बसलेल्याला काय ऐकायला मिळतं? "रियाझ कमी पडतोय."

हे सगळं मी घरी बसून काढलेलं नाही. फिलाडेल्फियात डोनाल्ड राइनहार्ट (१९०८-१९८९) नावाचा ट्रॉम्बोनवादक आणि शिक्षक होता. त्याने १९४२ मध्ये आपली 'पिव्हट सिस्टिम' पुस्तकरूपात आणली. पुढे त्याने प्रकार आणि पोटप्रकार मिळून यादी इतकी वाढवली की वाचताना एखाद्या जुन्या एंटरप्राइज प्रॉडक्टचं डॉक्युमेंटेशन वाचतोय असं वाटतं. 'टाइप थ्री बी' वगैरे. त्याचा विद्यार्थी डग एलियट, हाही ट्रॉम्बोनवादक आणि वर माउथपीस बनवणारा. त्याने त्या जंगलातून वरचे तीन प्रकार काढले, आणि ते कुणालाही समजतात. दुसरीकडे लॉइड लेनो या ट्रॉम्बोनच्या प्राध्यापकाने पारदर्शक माउथपीसमधून हाय-स्पीड फिल्म घेतली आणि १९८७ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्या फिल्ममध्ये झोत खाली जाणारेही दिसतात, वर जाणारेही. वाद घालायची गरजच नाही. बघा आणि मोजा.

मग तरीही 'अर्धा-अर्धा' का टिकून आहे? याचं उत्तर मला दोन पुस्तकांत सापडलं, आणि दोन्ही पुस्तकं हे नियम सांगणाऱ्या लोकांच्याच कपाटात असतात!

पहिलं पुस्तक फिलिप फार्कसचं. फार्कस म्हणजे शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख हॉर्नवादक. त्याचं हॉर्नवरचं पुस्तक १९५६ चं, आणि सगळ्या पितळी वाद्यांवरचं 'द आर्ट ऑफ ब्रास प्लेइंग' १९६२ चं. १९६२ च्या पुस्तकात त्याने एक अगदी तर्कशुद्ध वाटणारी गोष्ट मांडली. हवेचा झोत सरळ माउथपीसच्या भोकात गेला पाहिजे, म्हणून खालचा जबडा पुढे आणून वरचे आणि खालचे दात एका रेषेत आणा. ऐकायला किती छान! नळी सरळ, हवा सरळ, काम सरळ. कुठल्याही इंजिनिअरला पटेल.

पण फार्कस तिथे थांबला नाही. त्याने चाळीस नामांकित हॉर्नवादकांच्या ओठांचे फोटो काढले. माउथपीसची नुसती कडा दांडीवर बसवलेली असते, त्यातून आतले ओठ दिसतात. हे फोटो १९७० मध्ये पुस्तकरूपात आले. त्यात काय दिसलं? जवळजवळ सगळ्यांचा झोत सरळ नव्हताच, खाली जात होता. एकाचा तर चक्क वर. फार्कसने आपलं आधीचं म्हणणं मागे घेतलं.

मला हा माणूस यासाठी प्रचंड आवडतो. थिअरी मांडली, डेटा गोळा केला, डेटा विरुद्ध गेला, थिअरी सोडली. यापेक्षा चांगला वैज्ञानिक स्वभाव कुठला? पण त्याच्या नावाने शिकवणाऱ्यांचं काय? त्यांच्याकडे १९६२ ची आवृत्ती इन्स्टॉल झाली आणि १९७० चा पॅच कुणी टाकलाच नाही. अजूनही "फार्कस म्हणतो जबडा पुढे आण" हे ऐकायला मिळतं. फार्कस म्हणत होता. मग त्याने बघितलं, आणि म्हणणं थांबवलं.

दुसरं पुस्तक आर्बांचं. जाँ-बातिस्त आर्बां, पॅरिसचा कॉर्नेटवादक, पुस्तक १८६४ चं. ट्रंपेटवाल्यांची ही गीता. दीडशे वर्षं उलटून गेली तरी जगात जवळपास प्रत्येक ट्रंपेटवाला यातले पाठ घासतो. पण गीतेचं जे होतं तेच याचंही: पाठांतर सगळ्यांचं, वाचन फारसं कुणाचं नाही. पाठांच्या आधी प्रस्तावना आहे, तिच्यात आर्बांने दोन गोष्टी सांगितल्या आहेत.

एक, तो स्वतः माउथपीस वरच्या ओठावर एक तृतीयांश आणि खालच्या ओठावर दोन तृतीयांश ठेवायचा. आणि त्याला तीच सगळ्यात चांगली पद्धत वाटायची. म्हणजे गीताकारच अर्धा-अर्धावाला नव्हता!

दोन, आणि ही खरी मोठी. तो म्हणतो की काही शिक्षक नवीन विद्यार्थी आला की आधी त्याची माउथपीसची जागा बदलायला लावतात, पण हे यशस्वी झालेलं त्याने फारसं पाहिलेलं नाही. पॅरिसच्या कॉन्झर्वेटरीत या प्रकाराला चक्क 'ऑर्थोपेडिक' पद्धत म्हणायचे. त्याच्या ओळखीतल्या चांगल्या चांगल्या वादकांनी यात कित्येक वर्षं फुकट घालवली, शेवटी मूळ जागेवर परत आले, फायदा एकालाही झाला नाही, आणि काहींचं तर इतकं नुकसान झालं की त्यांना वाजवताच येईना.

हे १८६४ साली लिहून ठेवलंय. आर्बांचं स्वतःचं मत ठाम होतं, तरी ते दुसऱ्याच्या तोंडावर लादू नये एवढं त्याला कळत होतं. आपल्याकडे प्रोजेक्टवर नवीन आलेल्या पोराला आपण पहिल्यांदा काय सांगतो? मॅन्युअल वाच बाबा. हेच मला सरांना सांगायचंय.

आता जरा जवळचं सांगतो. मी हौशी ट्रंपेटवाला, पुण्यातल्या एका क्लासमध्ये काही वर्षं जात होतो. तिथे माझ्या बॅचला एक मुलगी होती, कंपनीत टेस्टिंगला. तिचे खालचे दात वरच्या दातांच्या किंचित पुढे. त्यामुळे माउथपीस आपोआप खाली बसायचा, खालचा ओठ जास्त. आवाज पहिल्यापासून खणखणीत. तीन-चार महिन्यांत ती पाच रेघांच्या वरचा 'जी' असा काढायची की आम्ही बघत राहायचो. मग एक दिवस सरांनी आरसा आणला. "हे काय? माउथपीस खाली घसरलाय. मध्ये घे." तिने विचारलं, "पण सर, इथे चांगलं वाजतंय ना?" उत्तर आलं, "आत्ता वाजतंय. पुढे अडकशील."

आठ महिने ती मध्ये घेत होती. वरचे सूर गेले. मग मधले घोगरे झाले. ओठ सुजायचा. सरांचं निदान पक्कं होतं: "जुनी सवय जात नाहीये." आणखी काही दिवसांनी: "तुझ्या ओठांत तेवढा दम नाही, तू कीबोर्ड का नाही करत?" तिने क्लास सोडला, ट्रंपेट विकून टाकला. आणि मी? मी सरांचा लाडका. कारण एवढंच की माझे दात साधारण सरांसारखे आहेत. त्यांनी दिलेलं माप मला जवळपास बसलं. यात माझी गुणवत्ता शून्य.

सर वाईट माणूस नव्हते. वेळ द्यायचे, पैशासाठी कधी मागे लागले नाहीत. म्हणूनच मला जास्त राग येतो. वाईट माणसाने केलेलं नुकसान लक्षात तरी येतं. इथे प्रेमाने केलेलं होतं, आणि दोष तिच्या खात्यावर जमा झाला. "तुझ्यात दम नाही" हे वाक्य ती बरोबर घेऊन गेली. आरशात बघणाऱ्या कुणीही तिचे दात बघितले नाहीत.

आता यावर नेहमी जे आक्षेप येतात ते घेऊ.

"अहो, बहुतेकांना जे चालतं ते शिकवलं तर बिघडलं काय?" काहीच नाही, सुरुवातीला. नवशिक्याने माउथपीस साधारण मध्ये ठेवून फुंकावं आणि तो कुठे सरकतोय ते बघावं, हे मला मान्य आहे. डीफॉल्ट सेटिंग असायलाच पाहिजे. पण डीफॉल्ट म्हणजे जिथून सुरुवात करायची ती जागा. सरकलेला माउथपीस ही पुष्कळदा त्या तोंडाने दिलेली माहिती असते. ती पुसून पुन्हा डीफॉल्टवर आणणं म्हणजे युजरची सेटिंग्ज दर वेळी रीसेट करणारं सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरला आपण काय शिव्या घालतो ते इथे लिहीत नाही.

"सगळे मोठे वादक असेच शिकले." टिकले त्यांना विचारलं तर ते हेच सांगणार. जे सोडून गेले ते मुलाखती देत नाहीत. आणि मोठ्यांचं म्हणाल तर त्यांच्याकडेही नीट बघा. डिझी गिलेस्पी बेडकासारखे गाल फुगवून वाजवायचा. कुठलंही पुस्तक उघडा, गाल फुगवू नका असंच लिहिलेलं. शिकागो सिंफनीचा अडॉल्फ हर्सेथ घ्या. १९४८ साली प्रमुख ट्रंपेटवादक झाला. १९५२ मध्ये गाडीच्या अपघातात खालचे पुढचे दात गेले, ओठाला टाके पडले. ज्या तोंडाने शिकला ते तोंडच बदललं. त्या नव्या तोंडाने त्याने परत बसवलं आणि २००१ पर्यंत त्याच खुर्चीवर बसला. म्हणून तुम्ही गाल फुगवा किंवा दात पाडून घ्या असं मी म्हणत नाही. डिझीचे गाल उचलणं आणि सरांचे ओठ उचलणं ही एकच चूक आहे.

"एवढं विश्लेषण केलं की माणूस वाजवायचंच विसरतो. नुसता आवाज डोक्यात ठेवा, ओठ आपोआप बसतील." हा आक्षेप मात्र वजनदार आहे, कारण तो अर्नल्ड जेकब्सच्या नावाने येतो. जेकब्स शिकागो सिंफनीचा ट्यूबावादक, १९४४ ते १९८८. म्हणजे फार्कस, हर्सेथ आणि जेकब्स काही वर्षं एकाच ताफ्यात बसायचे! जेकब्सचं सांगणं थोडक्यात असं: स्नायूंचा विचार करू नका, गाणं आणि हवा यांचा करा. वाजवताना हे शंभर टक्के खरं. स्टेजवर उभं राहून 'माझा खालचा ओठ किती टक्के आहे' असा हिशोब करणाऱ्याचं काही खरं नाही.

पण जेकब्स स्वतः काय करायचा? शरीररचनेचा त्याचा दांडगा अभ्यास होता आणि त्याच्या स्टुडिओत श्वास मोजायची वैद्यकीय उपकरणं होती. म्हणजे विद्यार्थ्याने विचार करू नये म्हणून शिक्षकाने तो आधी करून ठेवलेला. युजरला इंटरफेस साधा दिसावा यासाठी मागे कुणीतरी कष्ट घ्यावे लागतात. आपल्याकडे जेकब्सचं नाव घेणारे अर्धंच घेतात. विद्यार्थ्याने विचार करायचा नाही, आणि सरांनीही केलेला नाही. शिवाय एक साधा प्रश्न. ओठ आपोआप बसतात यावर तुमचा एवढा विश्वास आहे तर आरसा आणून ते मध्ये कशाला सरकवता? त्या मुलीचे आपोआपच बसले होते की.

"हे प्रकार-बिकार म्हणजे नवं राशिभविष्य." होऊ शकतं, खरंच. राइनहार्टची यादी हातात घेऊन एखाद्या वादकाचा फोटो बघायचा आणि 'हा थ्री बी' असं जाहीर करायचं, ही करमणूक करणारे लोक आहेत. तेही मला नकोत. फोटोत हालचाल दिसत नाही, आणि पहिला की दुसरा प्रकार हे तर हालचालीवरूनच कळतं. आवडत्या वादकाचा प्रकार 'निवडणं' हाही तोच वेडेपणा. प्रकार निवडायचा नसतो, शोधायचा असतो. राशीत आणि यात एक मोठा फरक आहे. पारदर्शक माउथपीस लावला की झोत कुठे जातोय ते कुणालाही दिसतं. सरांनाही आणि सरांशी न पटणाऱ्यालाही.

आणि बघायची साधनं आता कुठल्या कुठे गेली आहेत. जर्मनीत ग्योटिंगेनच्या माक्स प्लांक इन्स्टिट्यूटमध्ये पीटर इल्टिस आणि येन्स फ्राम यांच्या गटाने हॉर्नवादकांना चक्क एमआरआय यंत्रात झोपवून वाजवायला लावलं. बर्लिन फिलहार्मोनिकची सारा विलिस त्यातली एक. वाजवताना तोंडात जीभ कुठे असते, किती वेगाने हलते, हे चालत्या चित्रात दिसतं. इतके दिवस शिक्षक 'जीभ अशी ठेव' म्हणायचे ते स्वतःला काय जाणवतं त्यावरून. जाणवणं आणि असणं यांत फरक असू शकतो, हे आपल्याला तरी सांगायला नको. परफॉर्मन्सचा प्रॉब्लेम कुठे आहे असं 'वाटतं' आणि प्रोफायलर काय दाखवतो, यांची गाठ किती वेळा पडते?

क्लासमध्ये एमआरआय आणा असं कोण म्हणतंय? पारदर्शक प्लास्टिकचा माउथपीस आणा. तो पितळी माउथपीसपेक्षा महाग नसतो.

कुणाला वाटेल एवढं काय त्यात, ट्रंपेटच तर आहे. पण ओठ हा शरीराचा भाग आहे, तो बदलून मिळत नाही. न बसणाऱ्या ठेवणीवर माणूस जोर लावून वाजवतो, माउथपीस दातांवर दाबतो, वरचा सूर कसाबसा ओढून काढतो. लुई आर्मस्ट्राँगला ओठाच्या त्रासाने १९३० च्या दशकात काही काळ वाजवणं थांबवावं लागलं होतं. ओठाभोवतीचा स्नायू फाटण्याच्या ट्रंपेटवाल्यांच्या दुखापतीला हाइमे प्लानास या प्लास्टिक सर्जनने १९८२ च्या निबंधात 'सॅचमो सिंड्रोम' नाव दिलं, आर्मस्ट्राँगच्या टोपणनावावरून. तिथपर्यंत फार थोडे पोचतात. पण सूज आणि दुखणं "होतं असं सुरुवातीला" म्हणून उडवून लावणारे शिक्षक मी पाहिलेत, आणि ऐकणारे विद्यार्थी निमूट ऐकतात, कारण आपल्याकडे सरांना 'का' विचारायची पद्धत नाही.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत.

शिकवणाऱ्यांसाठी: विद्यार्थी आला की आधी त्याचं तोंड बघा. दात, जबडा, कुठला ओठ जास्त. काही महिने त्याला फुंकू द्या आणि माउथपीस कुठे जाऊन बसतोय त्याची नोंद ठेवा. नीट वाजत असेल तर हात लावू नका. बदल करायचाच असेल तर कारण सांगा, तो जमला की नाही हे कशावरून ठरवायचं ते सांगा, आणि किती आठवड्यांत नाही जमलं तर परत फिरायचं तेही आधीच ठरवा. रोलबॅक प्लॅन नसताना शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर कुणी डिप्लॉय करतं का? मग माणसाच्या ओठांवर का करता?

शिकणाऱ्यांसाठी: ओठ सुजला, दुखला तर थांबा. दम नाही असं कुणी म्हणालं तर विचारा, कशावरून? आणि हा प्रश्न मनातल्या मनात विचारू नका, मोठ्याने विचारा. 'सर' म्हणूनच विचारा, पाया पडून विचारा, पण विचारा. चांगल्या शिक्षकाला राग येणार नाही. ज्याला येईल त्याच्याकडे फी भरत राहायची की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा.

असो. बरंच लिहिलं. सोमवारी रिलीज आहे, तेव्हा तूर्तास इतकंच.

ता. क. ट्रंपेट वाजवत नसाल तरी घरात शंख असेलच. आरशासमोर उभं राहून फुंकून बघा, वर जाताना तुम्ही ढकलता की ओढता. शेजारी तक्रार घेऊन आले तर माझं नाव सांगू नका :-)